चिलखत : जपानचें आणि आपलें

विजयादशमीचा दिवस शहरांत आपट्याच्या पानांचा व गोडधोडाचा झाला असला, तरी देशावरच्या खेड्यांत तो अद्यापि शस्त्रांचा दिवस आहे. गेल्या दसऱ्यास आम्ही शिरूर तालुक्यांतील इनामगांवीं एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं होतों. देवघरापुढें पाट मांडून त्यावर विळे, कोयते, नांगराचा फाळ, मोडक्या मुठीची एक तरवार आणि सर्वांच्या शेवटीं तांबड्या फडक्यांत बांधलेलें एक जड गांठोडें ठेवण्यांत आलें. गांठोडें सोडलें तेव्हां आंतून लोखंडी कड्यांचें एक चिलखत निघालें. डावी बाही अर्धी नाहींशी झालेली, खालचा कांठ उसवलेला, आणि सर्वांगावर गंजाचा तांबूस रंग. घरांतील बारा वर्षांचा नातू तें पाहून म्हणाला, “आबा, ही गंजकी जाळी तुम्ही कशाला पुजतां?”

आबा हंसले व म्हणाले, “वडील पुजीत आले, म्हणून आम्हीही पुजतों. डावी बाही आमच्या आजीच्या वेळेस तवे घांसण्यांत गेली. उरलें आहे तें तरी राहूं दे.”

याच मुलानें सकाळीं आम्हांस जपानी सामुराईचें एक रंगीत चित्र दाखविलें होतें. त्यांतील शिरस्त्राण म्हणजे ‘काबुतो’, खांद्यावरचा पडदा म्हणजे ‘सोदे’, तोंडावरचा लोखंडी मुखवटा म्हणजे ‘मेन्पो’, अशीं एकेका भागाचीं नांवें त्यानें न अडखळतां सांगितलीं होतीं. हजारों कोसांवरील परक्या योद्ध्याचें चिलखत ज्याला तोंडपाठ, त्याला स्वतःच्या घरचें चिलखत जाळी वाटावें, यांत मुलाचा दोष नाहीं. जपान्यांनीं आपल्या चिलखताची ओळख जपली व जगास करून दिली. आपण ती घरांतल्या मुलांसही करून दिली नाहीं. हें कां झालें, आणि अजून कांहीं करण्यासारखें आहे काय, याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या मुलाच्या आवडीच्या जपानी चिलखताकडेच पाहूं. त्याचा मूळ घटक म्हणजे बोटाएवढी एक अरुंद पट्टी. ती लोखंडाची असे किंवा कच्च्या कातड्याची. अशा पट्ट्या एकमेकींवर थोड्या थोड्या चढवून चामड्याच्या वादीनें ओवीत, म्हणजे त्यांची एक लांब ओळ तयार होई. त्या ओळीवर ‘उरुशी’ नांवाच्या झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणाचे अनेक हात देत. या रोगणाची मौज अशी कीं, तें कोरड्या उन्हांत वाळत नाहीं. दमट हवेंतच घट्ट होतें. ज्या हवेंत लोखंड गंजावयाचें, त्याच हवेच्या साह्यानें लोखंडास न गंजण्याचें कवच चढवावयाचें, ही कल्पना खरोखर नामी नव्हे काय? नंतर अशा ओळी एकीखालीं एक रेशमी गोफांनीं लोंबत्या बांधीत. त्यामुळें चिलखत अंगाबरोबर लवे, वाराचा जोर गोफांच्या ढिलाईंत कांहींसा मुरे, आणि गोफांच्या रंगांवरून व त्यांच्या मांडणीवरून योद्धा दुरूनही ओळखूं येई.

दहाव्या ते बाराव्या शतकांच्या सुमारास जपानांत जें ‘ओ-योरोई’ म्हणजे ‘थोर चिलखत’ पूर्णत्वास आलें, तें घोड्यावरून बाण मारणाऱ्या योद्ध्याकरितां होतें. धनुष्यास दोन्ही हात लागत. मग ढाल धरणार कोण? म्हणून खांद्यांवरून दोन मोठे चौकोनी पडदे लोंबत सोडलेले असत, व तेच ढालीचें काम करीत. असें सबंध चिलखत तीस किलोच्या घरांत जाई. पुढें १५४३ सालीं तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर बंदूक आली, आणि थोड्याच वर्षांत जपानी कारागिरांनीं आपली सारी रीत बदलली. बारीक पट्ट्यांच्या जागीं रुंद व अखंड पत्रे आले. कित्येक कारागीर तर तयार चिलखतावर गोळी झाडून पाहत, आणि तिनें पडलेली खळी विकत घेणाराची खातरी पटावी म्हणून मुद्दाम तशीच ठेवीत. म्योचिन नांवाच्या घराण्यांत ही विद्या पिढ्यान् पिढ्या चालली, व त्या घराण्यांतील कारागीर शिरस्त्राणावर आपलें नांव कोरीत. हा नांव कोरण्याचा प्रघात वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें कारण पुढें येईल.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्याकडे ही विद्या नवी नव्हती. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांतील पंचाहत्तराव्या सूक्तांत ‘वर्म’ चढविलेल्या वीराचें वर्णन आहे, आणि शरीरांतील मर्मस्थानें वर्मानें झांकण्याचा उल्लेखही तेथेंच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आयुधागाराच्या प्रकरणांत तर चिलखतांची एक यादीच दिली आहे : लोखंडी जाळ्यांचीं, लोखंडी पत्र्यांचीं, सुताचीं, तसेंच गेंडा, हत्ती, बैल यांच्या कातड्यांचीं व खूर आणि शिंगें यांचीं. डोकें, गळा, छाती, हात यांसाठीं निरनिराळीं त्राणें तेथें सांगितलीं आहेत. कर्णाच्या कवचकुंडलांची कथा कोणत्या घरांत माहीत नाहीं? आणि तिन्हीसांजेस मुलें जी रामरक्षा म्हणतात, तीहि एक प्रकारें चिलखताचीच मांडणी आहे. मस्तकापासून पायांपर्यंत एकेक अवयव घेऊन त्याचें रक्षण मागावयाचें, हा क्रम चिलखत चढविणाऱ्या मनुष्याच्या मनांतलाच आहे. अशा स्तोत्रांस आपण ‘कवच’ म्हणतों तें उगीच नव्हे. लोखंडाचें चिलखत आपल्या घरांतून गेलें, परंतु शब्दांचें चिलखत अद्यापि राहिलें आहे.

आज आपण ज्यास चिलखत म्हणतों तो कड्यांचा अंगरखा मात्र मुसलमानी राज्यांच्या काळीं दक्षिणेंत विशेष प्रचारांत आला, व त्याच्या भागांचीं नांवेंही फारशींतूनच आलीं. बख्तर, दस्ताने हे शब्द तसेच. ‘चारआईना’ म्हणजे चार आरसे : छाती, पाठ व दोन्ही कुशी यांवर बांधावयाचे चार पोलादी पत्रे. ‘जिरह’ म्हणजे कड्यांचें चिलखत, आणि त्यावरूनच ‘जिरेटोप’ हा शब्द आला. चित्रांतून व नाटकांतून ज्यास आपण जिरेटोप म्हणतों तो जरीचा असतो. पण शब्दाचें मूळ लोखंडी कड्यांत आहे. घोड्यास किंवा हत्तीस घालावयाचें चिलखत ती ‘पाखर’. आईच्या मायेस आपण जो शब्द लावितों तोहि हाच.

कड्यांचें चिलखत कसें करीत हें कळलें म्हणजे त्यास जाळी म्हणण्यास जीभ धजत नाहीं. सोनार जशी लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून सोन्याची तार ओढतो, तशी लोखंडाची तार ओढावयाची. ती एका गजाभोंवतीं गुंडाळून छिन्नीनें तोडली म्हणजे सुट्या कड्या होतात. प्रत्येक कडीचीं टोंकें ठोकून चपटीं करावयाचीं, त्यांस बारीक भोंक पाडावयाचें, ती कडी चार शेजारणींतून ओवावयाची, टोंकें एकमेकांवर आणावयाचीं आणि भोकांतून केसासारखी खिळी घालून ती ठोकून बसवावयाची. कित्येक चिलखतांत अशा खिळीच्या कड्यांची एक ओळ व अखंड कड्यांची एक ओळ, अशा एकाआड एक ओळी असतात. एका अंगरख्यास अशा वीस-पंचवीस हजार कड्या सहज लागत, व त्याचें वजन दहा किलोंच्या आसपास भरे. कांहीं हौशी सरदार लोखंडाच्या कड्यांत पितळेच्या कड्या मिसळून त्यांची नक्षी काढवीत. तिला ‘गंगाजमनी’ म्हणत. आंतून कापूस भरलेला जाड अंगरखा घालावा लागे. कारण कड्या तरवारीची धार अडवितात, पण तिचा आघात अडवीत नाहींत. लोखंड न परवडणारा शिपाई नुसत्या कापूस भरून शिवलेल्या जाड अंगरख्यावरच भागवी, आणि उष्ण देशांत तोही कांहीं कमी जाच नव्हता.

कड्यांचें वैर टोंकाशीं. म्हणून आपल्याकडील कट्यारीच्या टोंकास पुष्कळदां मुद्दाम जाडी दिलेली आढळते. तें टोंक कडींत घुसून तिची खिळी उकलावी, हा हेतु. चिलखत आणि कट्यार हीं दोन्हीं अशा रीतीनें एकमेकांस पाहूनच वाढलीं.

मग प्रश्न असा कीं, जपानांत ज्याप्रमाणें प्रत्येक सामुराईचें चिलखत हें त्याच्या घराण्याचें चिन्ह झालें, तसें मराठ्यांत कां झालें नाहीं? याचें उत्तर आम्हांस इनामगांवच्या शिवारांतच मिळतें.

चिलखत ही प्रथम धातूची बाब आहे. इनामगांवच्या जुन्या पांढरींत डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत जें उत्खनन केलें, त्यांत इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांची वस्ती उघडकीस आली. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांच्या परिश्रमांनीं ती जगप्रसिद्ध झाली. त्या लोकांपाशीं तांबें होतें, पण इतकें थोडें कीं रोजचें कापणें-चिरणें दगडी पात्यांनींच चाले. अंगावर धातु पांघरण्याची चैन त्यांस कोठून परवडणार? त्यांनीं रक्षण केलें तें वस्तीचें, भिंत घालून व खंदक खणून. एकट्याच्या अंगावरचें लोखंडी कवच ही फार पुढची गोष्ट आहे. तिला खाण, भट्टी, लोहार आणि त्याचें पोट भरणारा धनी, इतकीं सर्व लागतात.

दुसरी बाब घोड्याच्या पाठीची. इनामगांवाजवळून वाहणारी घोड नदी पुढें भीमेस मिळते, आणि या भीमेच्या थडीवरूनच भीमथडीच्या घोड्यांस त्यांचें नांव मिळालें. उंचीनें बेताचीं, दिसण्यांत साधीं, पण काटक, थोड्या चाऱ्यावर राहणारीं व चढउतार न मानणारीं हीं घोडीं मराठ्यांच्या फौजेचा प्राण होतीं. अलीकडे शासकीय संस्थेनें भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून मान्य केली, हें वाचून आम्हांस मोठा आनंद झाला. आतां, अशा घोड्यावर बसणारा शिलेदार आपलें घोडें व आपलीं हत्यारें स्वतःच्या खर्चानें आणीत असे. त्यानें दहा किलो लोखंड अंगावर घ्यावें, कीं तितक्याच वजनाचा दाणा घोड्यामागें बांधावा? भीमेच्या कांठीं पेडगांवीं बहादूरगड म्हणून मोगलांचा मोठा तळ होता. तेथील जड स्वारांशीं समोरासमोर भिडून जिंकणें हें मराठ्यांचें शास्त्रच नव्हतें. अचानक यावें, घाव घालावा, आणि शत्रूचें बख्तर वळण्यापूर्वीं दिसेनासें व्हावें, हें त्यांचें शास्त्र. अशा स्वाराचें खरें चिलखत त्याच्या घोड्याच्या चार पायांतच होतें.

याचा अर्थ मराठ्यांनीं चिलखत वापरलेंच नाहीं असा मात्र नव्हे. सरदार व राजे तें वापरीत, आणि आपल्या इतिहासांतील अत्यंत निर्वाणीच्या एका क्षणीं त्यानेंच काम केलें. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफजलखानाच्या भेटीस जातांना शिवाजीमहाराजांनीं वरच्या वस्त्रांखालीं चिलखत व मंदिलाखालीं लोखंडी टोप घातल्याची परंपरा सर्वश्रुत आहे. परंतु तें चिलखत कोणास दिसूं नये म्हणूनच घातलेलें होतें, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. जपानी चिलखत दुरूनच गर्जून सांगतें कीं, ‘मी अमक्या घराण्याचा अमुक आलों आहें’. मराठी चिलखत अंगरख्याखालीं मुकाट बसतें. एकाचा उपयोग मिरविण्यांतही होता. दुसऱ्याचा केवळ वांचविण्यांत. म्हणूनच प्रसंग संपतांच पहिलें दिवाणखान्यांत गेलें, आणि दुसरें माळ्यावर.

पुढील इतिहासानेंही हीच तफावत वाढविली. जपानांत १६१५ सालीं ओसाका पडल्यावर सुमारें अडीचशें वर्षें शांतता नांदली. त्या काळांत चिलखतास लढाईचें काम उरलें नाहीं, तरी मानाचें काम उरलें. आराई हाकुसेकी यांच्यासारख्या विद्वानांनीं जुन्या शस्त्रांवर व चिलखतांवर ग्रंथ लिहिले. ओमिशिमा बेटावरील ओयामाझुमी देवस्थानासारख्या ठिकाणीं योद्ध्यांनीं वाहिलेलीं चिलखतें शतकानुशतकें जतन झालीं. १८७६ सालीं सामुराईंच्या तरवारी बाळगण्यावर बंदी आली, पुष्कळ चिलखतें परदेशीं विकलीं गेलीं, तरी ज्ञान पुस्तकांत शाबूत राहिलें. आजही ५ मे रोजीं मुलांच्या सणाला तेथील घराघरांत लहानसें शिरस्त्राण मांडून ठेवितात.

आपल्याकडे उलट झालें. अठराव्या शतकांत बंदुका व तोफा वाढल्या, आणि कड्यांस गोळी अडवितां येईना. इनामगांवाहून फार दूर नसलेल्या कोरेगांवीं १ जानेवारी १८१८ रोजीं लढाई झाली, आणि त्याच वर्षीं पेशवाई संपली. शिलेदारीही तिच्याबरोबर संपली. पुढें १८७८ च्या कायद्यानें हत्यारांस परवाना लागूं लागला. ज्या विद्येस आश्रयदाता नाहीं, ग्रंथ नाहीं, आणि जिच्या कारागिरानें कामावर नांवही घातलेलें नाहीं, ती विद्या दोन पिढ्यांत विस्मरणांत गेली तर नवल काय? त्या हजारों खिळ्या ठोकणारे कारीगर कोण होते, कोणत्या पेठेंत बसत, हें त्यांच्या कामावरून आज क्वचितच कळतें.

नांवाचें महत्त्व किती आहे हें दोन उदाहरणांवरून दिसून येईल. १६१३ सालीं जपानच्या शोगुन घराण्याकडून इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजास चिलखतें नजर म्हणून पाठविलीं गेलीं. त्यांतील एक लंडनच्या टॉवरांत ठेविलें, पण बरोबरची हकीकत हरवली. आणि पुढें तें चक्क हिंदुस्थानच्या मोगल बादशहाचें म्हणून यादींत नोंदलें गेलें! राजाच्या घरीं हें घडूं शकतें, तर आपल्या माळ्यावर काय घडणार नाहीं? याच्या उलट, सतराव्या शतकाच्या अखेरीस मोगलांनीं दक्षिणेंतील अदवानीचा किल्ला घेतला, तेव्हां तेथील शस्त्रें व चिलखतें बिकानेरच्या राजानें आपल्या गडावर नेलीं आणि त्यांपैकीं अनेकांवर ठिपक्याठिपक्यांनीं देवनागरी अक्षरें ठोकून तीं कोठून आणलीं हें लिहून ठेविलें. त्या दोन ओळींमुळें दक्षिणेंतील तीं चिलखतें आज जगांत कोठेंही गेलीं तरी आपलें माहेर विसरलेलीं नाहींत. आपल्या दक्षिणी चिलखताचें नांवगांव जिंकून नेणारानें जपलें, आणि आपण मात्र बाहीनें तवे घांसले, हें मनास लागल्यावांचून राहत नाहीं.

सुदैवानें सर्वच गेलेलें नाहीं. पुण्याचे कै. दिनकर केळकर यांनीं आपल्या दिवंगत मुलाच्या नांवें उभारलेल्या संग्रहालयांत जुनीं शस्त्रें पाहावयास मिळतात. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत अकबर बादशहाचा छातीवरचा पत्रा व ढाल आहे. मुलांना सुटींत एकदां तेथें अवश्य न्यावें. परंतु आम्हांस विशेष सांगावयाचें आहे तें घरांत उरलेल्या वस्तूंविषयीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या वाड्यांत, माळ्यावर किंवा देवघराच्या कोनाड्यांत असें एखादें गांठोडें असूं शकेल. त्यांनीं पुढील गोष्टी कृपा करून पाळाव्या.

चिलखत चिंच, लिंबू किंवा राख यांनीं कधींही उजळूं नये. आंबट पदार्थ लोखंड खातो, व राखेनें खिळ्यांचीं डोकीं झिजतात. पाण्यानें धुऊं नये. मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ झाडावी, आणि गंज फार असल्यास संग्रहालयांतील जाणत्या मनुष्यास दाखवावें. खुंटीवर टांगूं नये. स्वतःच्याच भारानें वरच्या कड्या उघडतात. सुती कापडावर आडवें पसरून कोरड्या जागीं ठेवावें. आंत जुनें अस्तर किंवा चिंधी शिवलेली असेल तर ती घाण म्हणून काढून टाकूं नये. कापड व शिवण यांवरूनच काळ ठरविण्यास मदत होते. भिंग घेऊन कड्या पाहाव्या. प्रत्येक कडीच्या सांध्यावर बारीक गांठ दिसली, तर ती खिळीची. असें चिलखत अंगावर घालून लढण्याकरितां केलेलें समजावें. टोंकें नुसतीं जुळवून ठेविलेलीं असलीं, तर तें पुष्कळदां उत्तरकाळचें, शोभेचें असतें. आणि कोणी फिरता व्यापारी चार पैसे देऊं लागल्यास भुलूं नये. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंस १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागू आहे. त्या खासगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहींत, व त्यांचा व्यापार करणारास परवाना लागतो.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे घरांतील वृद्ध माणसें हयात आहेत तोंच त्यांस विचारून हकीकत लिहून ठेवावी. कोणापासून आलें, कोणत्या गांवीं होतें, घरांत त्याविषयीं काय सांगत. ऐकीव असेल तेथें ‘ऐकीव’ असें प्रामाणिकपणें लिहावें. पदरची भर घालूं नये. घराण्याचा मोठेपणा खोट्या शौर्यकथेनें वाढत नाहीं, आणि खऱ्या साध्या हकीकतीनें कमी होत नाहीं.

इनामगांवीं त्या दिवशीं आम्हीं मुलाच्या हातीं भिंग दिलें. पुष्कळ वेळ तो पाटाशीं बसून पाहत होता. मग एकदम म्हणाला, “प्रत्येक कडीला खिळा आहे! एवढ्या सगळ्या कोणी ठोकल्या?” आबांनीं वहींतील एक कागद फाडून दिला व आपण सांगत गेले, मुलानें लिहून घेतलें. बाही तवे घांसण्यांत गेल्याची गोष्टही आबांनीं वगळूं दिली नाहीं. कागद पुरा झाल्यावर तो घडी करून तांबड्या फडक्यांत चिलखताबरोबर ठेवला गेला. करणाराचें नांव लिहावयाची ओळ मुलानें मोकळी सोडली आहे. ती बहुधा तशीच राहील. पण ती मोकळी आहे, हें तरी आतां त्या घरांतील पुढच्या पिढीस कळेल.